तळं बुजवू नका, पिंप घासा



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या कामात एक सवय लागते. बिघाड दिसतो तिथे थांबायचं नाही, तो सुरू कुठे होतो ते शोधायचं. आज हीच सवय सांगली-साताऱ्याच्या डासांना लावून पाहू.

डेंग्यूची साथ आली की दोन मागण्या होतात : धुराचं मशीन आणा आणि शेजारचं तळं नाहीतर खण बुजवा. धुराने उडणारे डास मरतात. पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. आणि डेंग्यूचा एडिस डास तळ्यात क्वचितच वाढतो. त्याला घरातलं साठवलेलं पाणी लागतं : पिंप, टाकी, कूलर, टायर, कुंडीखालची ताटली. जत, आटपाडी, माण, खटावकडे पाण्याची टंचाई आहे, म्हणून घरोघरी पिंपं भरलेली असतात. कोरड्या मुलखातही डेंग्यू होतो, तो असा.

एडिस पाण्याच्या रेषेलगत, भांड्याच्या आतल्या भिंतीला अंडी चिकटवतो. ती सुकली तरी कित्येक महिने टिकतात. त्यामुळे पाणी ओतून दिलं की झालं, असं नाही. पिंप आतून घासायला हवं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून कोरडा दिवस आठवड्यातून एकदा.

आता तळ्याकडे येऊ. जिवंत तळ्यात मासे आणि चतुरांची पिल्लं अळ्या खातात. सांगलीच्या शेरीनाल्यासारखं सांडपाणी मिसळलं, की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. क्युलेक्स डासाची अळी मात्र शेपटीकडच्या नळीने वरची हवा घेते, म्हणून जगते. म्हणजे दोष तळ्याचा नाही, त्यात सोडलेल्या गटाराचा आहे. सांडपाणी अडवा, जलपर्णी काढा, काठ उतरता ठेवा. राखणदार परत येतात.

तळं बुजवण्याची किंमतही मोठी आहे. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णा सांगलीत शिरली. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. सखल जागा, ओढे, खणी पाणी सामावून घेतात. त्या बुजवून प्लॉट पाडले, तर ते पाणी आपल्याच घरात येणार.

आपल्या अनेक जुन्या मशिदींत वजूच्या हौजात मासे असतात. ते शोभेपुरते नाहीत, अळ्याही खातात. बंदिस्त हौजात, टाकीत गप्पी मासे जरूर ठेवा. पण ते परदेशी आहेत. नदीत, तळ्यात सोडू नका. तिथे आपले देशी मासेच हवेत.

मग करायचं काय? एडिस फार लांब उडत नाही. तुमच्या घरातला डास बहुतेक तुमच्याच गल्लीत जन्मलेला असतो. म्हणून एकट्या घराने भागत नाही, सगळा मोहल्ला लागतो, कुठल्याही धर्माचा शेजारी असो. शंभर घरं फिरा, अळ्या सापडलेली भांडी मोजा. याला ब्रेटो निर्देशांक म्हणतात. मोबाईलवरच्या साध्या तक्त्यात मावतो. महिन्याने पुन्हा मोजा. आकडा उतरला तर काम झालं, नाही तर कुठे राहिलं ते कळलं. तो कागद घेऊन नगरसेवकाकडे जा. नुसत्या तक्रारीपेक्षा त्याला वजन असतं.

शेवटी मुलग्यांना एक सांगतो. पाणी अम्मी भरते, पिंपही तीच घासते. या शुक्रवारी नमाजला जाण्याआधी ते पिंप तुम्ही घासा.