उभ्या गाडीचा हिशोब



बचत गटांच्या मेळाव्यात हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "ताई, नव्या गाडीचं कर्ज झेपत नाही. जुना तीनचाकी टेम्पो स्वस्तात मिळतोय. घ्यावा का?" पापड असो, भाजी असो, दूध असो, माल तयार होतो, तो बाजारापर्यंत नेणार कसा, इथे घोडं अडतं. आज याच प्रश्नावर बोलते. आमच्या गटाने असा टेम्पो वापरलाय आणि त्याचा त्रासही काढलाय, त्यामुळे ऐकीव काही सांगत नाही.

आधी आमची जागा सांगते. आरे कॉलनी मुंबईत, गोरेगाव पूर्वेला. १९४९ साली शहरातल्या म्हशींचे तबेले बाहेर काढून सरकारने इथे दुग्ध वसाहत वसवली. पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथे वारली आणि इतर आदिवासींचे पाडे आहेत. मुंबई म्हटलं की तुम्हाला वाटेल, दारात रस्ता आणि दारात गाडी. तसं नाही. कित्येक पाड्यांतून मोठ्या रस्त्यापर्यंत डोक्यावर पाटी घेऊनच यावं लागतं. पावसाळ्यात शेवळं, टाकळा, अळू, काकडी, शिराळी निघतात. ती सकाळी लवकर स्टेशनच्या बाजारात पोचली तर पैसे, दुपारी पोचली तर पाला. बसमध्ये गोणी घेत नाहीत, रिक्षावाला पाट्या बघून पुढे जातो. म्हणून गटाने कर्ज काढून सीएनजीवर चालणारा जुना तीनचाकी टेम्पो घेतला.

'टेम्पो' हे मुळात एका जर्मन कंपनीचं नाव. तिच्या सहकार्याने १९५८ मध्ये आपल्याकडे बजाज टेम्पो ही कंपनी निघाली आणि तीनचाकी मालगाड्या बनवू लागली. नाव इतकं रुळलं की आज चार चाकांच्या गाडीलाही आपण टेम्पोच म्हणतो. तीन चाकांची गाडी स्वस्त पडते, अरुंद बोळात वळते. पण पुढे एकच चाक असल्यामुळे खड्ड्याचा मार त्या एका चाकावर आणि त्याच्या फोर्कवर बसतो. माल मागे रचून चढ चढलात तर पुढचं चाक हलकं होतं, हँडल ऐकत नाही. जोरात वळण घेतलंत तर गाडी कलंडते. म्हणून जड गोणी खाली आणि चालकाच्या पाठीला लागून ठेवायच्या, हलक्या पाट्या मागे.

आता दुरुस्तीकडे येते. जुनी गाडी एकदाच मोठी बिघडत नाही, ती थोडी थोडी बिघडत राहते. आज क्लचची वायर तुटली, उद्या सेल्फ लागेना, परवा प्लग गेला. प्रत्येक काम छोटं, म्हणून कुणी मनावर घेत नाही. पण हिशोब मांडून बघा. समजा, वायर आणि मजुरी मिळून ४०० रुपये झाले. गाडी दोन दिवस उभी राहिली. त्या दोन दिवसांत दुसरा टेम्पो भाड्याने केला, फेरीला ६०० प्रमाणे १,२०० गेले. आपल्या गॅसचे वाचलेले २०० वजा केले, तरी ती वायर १,४०० रुपयांना पडली. भाड्याचा टेम्पो मिळालाच नाही, तर भाजी गेली ती वेगळीच. आणि बँकेचा हप्ता काही गाडी उभी आहे म्हणून थांबत नाही.

म्हणून आमच्या वहीत खर्चाच्या रकान्याशेजारी 'उभे दिवस' असा एक रकाना आहे. तारीख, काय बिघडलं, कोणता भाग बदलला, किती पैसे गेले, गाडी किती दिवस उभी राहिली. एवढंच लिहायचं, पण त्याच दिवशी लिहायचं.

या वहीने आमच्यातली एक मैत्रीण वाचवली, असं म्हटलं तरी चालेल. टेम्पो आमच्यातलीच एक जण चालवते. गाडी वारंवार बंद पडू लागली तेव्हा बैठकीत सूर निघाला, "तिलाच नीट चालवता येत नाही. पुरुष ड्रायव्हर ठेवा." ती गप्प बसली होती. तेव्हा वही सगळ्यांसमोर वाचली. तीन महिन्यांत ब्रेकचं काम तीनदा झालं होतं, तीनही वेळा मागच्या डाव्या चाकाचं, तीनही वेळा एकाच गॅरेजात. दर वेळी ब्रेक ऑइल भरून गाडी परत दिली होती. ऑइल भरलं जात होतं, पण ते जातंय कुठे, हे कुणी बघितलंच नव्हतं. दुसऱ्या मेकॅनिकने चाक उघडलं. आतल्या व्हील सिलिंडरचं रबर झिजलं होतं, ऑइल गळून ब्रेक शू ओले झाले होते. आमच्याकडे उतार आहेत, त्या उतारावर भरलेली गाडी थांबली नसती तर काय झालं असतं, याचा विचार करा. चूक चालवणारीची नव्हती. वही नसती, तर तिचं काम गेलं असतं आणि ब्रेक तसाच राहिला असता.

गॅरेजात बाई गेली की मेकॅनिक तिच्याशी बोलत नाही, शेजारी उभ्या असलेल्या कुठल्याही पुरुषाशी बोलतो. हे तुम्हीही अनुभवलं असेल. "तुम्हाला नाही कळणार मॅडम" हे वाक्य ठरलेलं. त्यावर आमचे चार नियम आहेत. एक, काम सुरू करण्याआधी अंदाजे खर्च कागदावर लिहून घ्यायचा. दोन, काढलेला जुना भाग पिशवीत घालून परत मागायचा. म्हणजे खरंच बदलला का ते कळतं. तीन, सुटा भाग कंपनीचा की साधा, हे बिलावर लिहून घ्यायचं. चार, चाक किंवा इंजिन उघडलं असेल तेव्हा आपल्यातल्या एकीने तिथे उभं राहून बघायचं. चार वेळा बघितलं की क्लच प्लेट कुठली आणि ब्रेक शू कुठला, हे आपोआप कळतं.

आता ज्यांना गाडी घ्यायची आहे त्यांच्यासाठी. सौदा करायला सकाळी जा आणि आधी इंजिनला हात लावून बघा. गरम लागलं तर समजा, तुम्ही यायच्या आधीच गाडी चालू करून ठेवली होती. थंड गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते का, ते बघायचं. निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जाळतंय. गाडी चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडायला सांगा. तिथून धुराचे लोट आले तर इंजिनचं मोठं काम जवळ आलंय. पुढचं टायर एका बाजूने जास्त झिजलं असेल तर फोर्क बघून घ्या. पुढचं चाक उचलून हलवा, खडखड नको. आणि रिकामी गाडी चालवून बघू नका. गोण्या भरा, चढावर न्या, उतारावर ब्रेक दाबा.

मग कागद. आरसी बुकावरचा चॅसी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा. परिवहन खात्याच्या एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की फिटनेस, विमा कधीपर्यंत आहे ते दिसतं. ई-चलन बाकी आहे का, तेही आधी तपासा. आधीच्या मालकाचं कर्ज असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हवा. गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. "नंतर करू" असं कुणी म्हणालं, तर पैसेही नंतरच द्या. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही, पण फिटनेस लागतोच, आणि गाडी आठ वर्षांची झाली की तो दर वर्षी करावा लागतो. गॅसवरची गाडी असेल तर सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी करायची असते. त्याच्या पट्टीवरची तारीख वाचा. हे सगळे खर्च किमतीत धरा.

शेवटी पैशांचं. गाडी घेताना हातातले सगळे पैसे किमतीत घालू नका. काही रक्कम पहिल्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. पुढे प्रत्येक फेरीमागे ठरलेले पैसे दुरुस्तीच्या डब्यात टाका, फेरीला नफा झाला असो वा नसो. बँकेचा हप्ता फक्त गाडीच्या कमाईवर अवलंबून ठेवू नका. आणि गाडी कधी विकायची हे ती चांगली चालत असतानाच ठरवा. आमच्या गटाचा नियम असा की सलग तीन महिने दुरुस्ती आणि उभे दिवस मिळून होणारा खर्च भाड्याच्या टेम्पोच्या खर्चापेक्षा जास्त झाला, तर गाडी विकायची. तेव्हा रडायचं नाही आणि कुणावर बोट ठेवायचं नाही.

तर मूळ प्रश्नाचं उत्तर. जुना टेम्पो घ्यावा का? ज्या गटात वही लिहिणारी एक, गॅरेजात उभी राहणारी एक आणि चालवणारीच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या बाकी सगळ्या आहेत, त्या गटाने जरूर घ्यावा. नसतील, तर आधी सहा महिने टेम्पो भाड्याने करा आणि त्या भाड्याची वही लिहायला घ्या. गाडीची किंमत विकणारा सांगतो ती नसते मैत्रिणींनो, ती आपल्याच वहीत हळूहळू उमटते.