नव्वद दिवसांचं काम

आज बचत, कर्ज, हप्ते थोडे बाजूला ठेवू. आज गोष्ट सांगते एका गाडीची.

परवा माझ्या भाच्याने मोबाइलवर एक चित्रकथा दाखवली. "आत्या, दोन मिनिटांत वाचून होईल," म्हणाला. रँडल मन्रो या अमेरिकी चित्रकाराने ती जानेवारी २०१० मध्ये काढलेली. नाव 'स्पिरिट'. गोष्टीतली गाडी मात्र खरी आहे. अमेरिकेच्या नासा संस्थेने मंगळावर पाठवलेला सहा चाकांचा, उन्हावर चालणारा यंत्रमानव. जानेवारी २००४ मध्ये तो तिथे उतरला. काम ठरलं होतं नव्वद दिवसांचं.

चित्रकथेत त्या गाडीला मन दिलंय. ती दिवस मोजते. नव्वद दिवस झाले की आपल्याला घरी नेतील, असं तिला वाटतं. नव्वद होतात, कोणी येत नाही. मग तिला वाटतं, आपलंच काम कमी पडलं असेल. पुढचा दगड ती आणखी नीट तपासते. अशी वर्षं जातात. शेवटी ती वाळूत रुतते, अंगावर धूळ साचते, आणि ती विचारते की माझं काम चांगलं झालं ना, आता घरी येऊ का. उत्तर येत नाही.

खऱ्या गाडीने काय केलं, तेही ऐका. सहाशे मीटर चालली तरी पुष्कळ, असा अंदाज होता. ती साडेसात किलोमीटरहून जास्त चालली. २००६ मध्ये पुढचं एक चाक बंद पडलं, तर ते फरफटत ती उलटी चालू लागली. त्या फरफटण्याने जमीन उकरली गेली आणि खाली पांढरी माती दिसली. तिथे एके काळी गरम पाणी किंवा वाफ असावी, याचा पुरावा त्या मातीत मिळाला. २००९ मध्ये गाडी रुतली. मार्च २०१० नंतर तिचा आवाज आला नाही. शास्त्रज्ञ मे २०११ पर्यंत तिला हाका मारत राहिले.

यंत्राला घर नसतं, हे मला कळतं. तरी माझे डोळे भरून आले. कारण मला आमच्या गटातल्या काकू आठवल्या.

सात वर्षांपूर्वी हिशोबाची वही त्यांच्याकडे दिली, तेव्हा मीच म्हटलं होतं, "काकू, तीन महिने सांभाळा, मग दुसरी कोणी बघू." ते तीन महिने कधी संपलेच नाहीत. चष्म्याचा नंबर वाढला, गुडघे धरले, तरी दर बैठकीला वही वेळेवर हजर. गेल्या महिन्यात व्याजाची एक नोंद चुकली. सगळ्यांसमोर मी बोलले, "काकू, एवढं कसं चुकतं?" त्या खालच्या मानेने म्हणाल्या, "ताई, पुढच्या वेळी आणखी नीट करीन."

सात वर्षांत पहिली चूक. आणि सात वर्षांत "काकू, छान केलंत" असं मी एकदाही म्हटलं नव्हतं.

पुढच्या बैठकीत मी ती चित्रकथा मराठीत सांगितली. काकूंची सगळ्यांसमोर माफी मागितली, कारण बोलले होते तेही सगळ्यांसमोरच. मग ठराव लिहिला: हिशोबाची वही दर वर्षी नव्या हातात जाईल, आणि आधीची बाई नवीला तीन महिने शिकवील. बारावी झालेली एक सून पुढे आली. काकूंनी वही दिली, आणि मग म्हणाल्या, "आज पहिल्यांदा बैठकीत नुसती बसून चहा पिणार."

मैत्रिणींनो, तुमच्याही गटात, घरात, अंगणवाडीत कोणीतरी 'थोडे दिवस' म्हणून घेतलेलं काम वर्षानुवर्षं ओढत असेल. ती विचारणार नाही. तिला आज जाऊन सांगा, काम चांगलं झालं, आता जरा बस. आणि नुसतं सांगू नका, तिच्या हातातलं ओझं घ्या.

येते मी. नमस्कार.