शिंपल्यातले बिऱ्हाड

मी राहतो त्या मिरा-भाईंदरच्या एका अंगाला वसईची खाडी आहे, दुसऱ्या अंगाला उत्तनचा समुद्र. ओहोटी लागली की चिखलात वाकून तिसऱ्या वेचणाऱ्या बायका दिसतात. कालवे मात्र खडकाला घट्ट चिकटलेली. ती फोडूनच काढावी लागतात. मासळीबाजारात माकूल असते आणि पावसाळ्यात इमारतीच्या कुंपणावर गोगलगायी चढतात. ही सारी मंडळी एकाच कुळातली, हे माझ्यासारख्या बी.ए. झालेल्या कवीला सहजी पटत नाही.

पण तसे आहे खरे. शास्त्रात त्यांना मृदुकाय प्राणी म्हणतात. त्यांच्या सुमारे ८५ हजार जाती नोंदल्या गेल्या आहेत. अंग मऊ, पाठीला कणा नाही. अंगावरच्या पातळ आवरणातून चुना पाझरतो आणि त्याचे कवच होते. गोगलगाईचे कवच एकसंध, पिळाचे. तोंडात किसणीसारखी जीभ. तिसरीचे कवच दोन झडपांचे. तिला डोकेच नसते. माकुलाला शिकारीमागे धावायचे असते, म्हणून त्याचे कवच अंगाच्या आत गेले. पोपटाच्या पिंजऱ्यात खोचतात तो समुद्रफेस म्हणजे तेच. ऑक्टोपसने तर बहुधा तेही सोडून दिले. जशी जगण्याची रीत, तसे घर. खेकडा जुने कवच टाकून नवे करतो. तिसरी मात्र त्याच घराला काठाकाठाने भर घालीत वाढते.

आम्हा कवींचा जीव मोत्यावर. मराठीत स्वाती नक्षत्राचा थेंब शिंपल्यात पडून मोती होतो, फारसी काव्यात निसान महिन्यातला पाऊस ते काम करतो. वास्तव वेगळे आहे. एखादा परजीवी किंवा परका कण आत शिरला, आवरणाला इजा झाली, की प्राणी त्याच्याभोवती चकाकत्या लेपाचे थरावर थर चढवतो. मोती हा दुखण्यावरचा इलाज आहे.

पण प्रत्येक दुखण्यावर हा इलाज चालत नाही. तिसऱ्या, कालवे पाणी गाळून जगतात. एक मोठे कालव तासाला काही लिटर पाणी गाळते. त्या पाण्यात पारा, शिसे असेल तर ते त्याच्या मऊ अंगात साठत जाते. म्हणूनच १९७५ साली एडवर्ड गोल्डबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाने किनाऱ्यांचे प्रदूषण शिंपल्यांच्या मांसावरून मोजावे, असे सुचवले. आपल्या खाडीला उल्हास नदी मिळते आणि वाटेतल्या शहरांचे, कारखान्यांचे सांडपाणी घेऊन येते. तिसऱ्या उकळल्या की जंतू मरतात, धातू जात नाहीत.

चिखलात वाकणाऱ्या त्या बाईची चूल या तिसऱ्यांवर पेटते, आणि आपले कालवणही त्यांचेच असते. खाडीत आपण जे सोडतो, ते अशा वाटेने आपल्याच ताटात येते. एवढे ध्यानात ठेवूया.