फुटलेलं गलबत कोणाचं? परराष्ट्र खात्याची जुनी गोष्ट

ओरोसवरून बोलतोय. आजचा विषय आहे परराष्ट्र खातं. थांबा, लगेच पुढचा भाग लावू नका. एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. वादळात परक्यांचं गलबत आपल्या किनाऱ्यावर आपटून फुटलं, तर त्यातला माल कोणाचा?

१६७४ साली रायगडावर याच प्रश्नावर बोलणी अडली होती.

आधी मागचं सांगतो. १६६० मध्ये पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला होता. राजापूरच्या वखारीतले इंग्रज तिथे जौहरच्या मदतीला तोफा घेऊन गेले. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूर गाठलं, वखार लुटली आणि इंग्रजांना कैदेत टाकलं. मग इंग्रजांनी नुकसानभरपाईचा लकडा लावला, तो दहा वर्षांहून जास्त चालला. शेवटी राज्याभिषेकाच्या वेळी मुंबईहून हेन्री ऑक्झेंडन तहाची कलमं घेऊन रायगडावर आला.

बहुतेक कलमं मान्य झाली. अडली ती दोन. एक, इंग्रजांचं नाणं स्वराज्यात चालावं. महाराजांचं म्हणणं असं, की नाण्यात जेवढी धातूची किंमत, तेवढ्याला लोक घेतीलच. त्यासाठी कलम कशाला? दुसरं कलम फुटलेल्या गलबतांचं. त्यावर उत्तर होतं, की खलाशांना मदत करायची ही कोकणची जुनी रीत आहे, पण फुटलेल्या गलबतावर हक्क राजाचा.

बघा, माणूस वाचवायचा, पण हक्क सोडायचा नाही. किनारा आपला असेल तर त्यावरचा कायदाही आपला. परराष्ट्र धोरण म्हणतात ते हेच.

हे काम बघायला अष्टप्रधानांत सुमंत होते. या पदाचं आधीचं फारसी नाव डबीर. परराज्यांच्या बातम्या ठेवणं, वकिलांचा मानपान, तह की लढाई यावर सल्ला, हे त्यांचं काम. राज्याभिषेकावेळी या पदावर रामचंद्र त्रिंबक होते. गंमत म्हणजे ऑक्झेंडनची गाठ पडत होती ती निराजीपंतांशी, म्हणजे न्यायाधीशांशी! खाती होती, पण ज्याला बोलणी जमतात त्याला पुढे करायचे.

आता दुसरा धागा. आजच्या दिल्लीतल्या मंत्रालयाचं मूळ मात्र सुमंतांच्या दफ्तरात नाही, ते आहे कंपनी सरकारात. १३ सप्टेंबर १७८३ रोजी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये ठराव झाला, की वॉरन हेस्टिंग्जचा गुप्त आणि राजकीय कामांचा भार हलका करायला वेगळं खातं हवं. तेव्हा कंपनीच्या लेखी ‘परराष्ट्र’ कोण? आपणच की! मराठ्यांशी सालबाईचा तह आदल्याच वर्षी झालेला. त्याआधी १७६५ मध्ये याच कंपनीने आपला सिंधुदुर्ग किल्ला घेऊन त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ नाव दिलं होतं, आणि पुढच्या वर्षी पैसे घेऊन करवीरकरांना परत केला होता.

म्हणजे जे खातं आपल्याला परकं धरून सुरू झालं, ते १९४७ नंतर आपलं झालं. १९७४ ते ७७ या काळात तर यशवंतराव चव्हाण त्याचे मंत्री होते.

आता तुमच्या कामाचं. आज आपल्याकडची पोरं आखातात कामाला जातात, परदेशी बोटींवर चढतात. तिथे पगार अडकला, पासपोर्ट मालकाने काढून घेतला, तर हेच खातं आपला आधार. त्याचं ‘मदद’ नावाचं पोर्टल आहे, तिथे घरबसल्या तक्रार नोंदवता येते. आखातातल्या नोकरीसाठी एजंटला पैसे देण्याआधी तो नोंदणीकृत आहे का, ते ‘ई-मायग्रेट’वर तपासा. आणि जाताना तिथल्या भारतीय दूतावासाचा नंबर घरच्यांकडेही ठेवा.

साडेतीनशे वर्षांपूर्वी रायगडावर परक्या खलाशांचा विचार झाला होता. आज परक्या किनाऱ्यावर आपली माणसं आहेत. त्यांच्यासाठी कोणीतरी टेबलावर बसून कलमन् कलम भांडायला हवं, म्हणून हे खातं.

तुमच्या घरचं कोणी बोटीवर असेल तर हा भाग त्यांना पाठवा. येतो, पुढच्या भागात भेटू!