मंगळावरची चाकोरी

‘चाकोरी’ या शब्दाला मराठीत फारशी प्रतिष्ठा नाही. गाड्यांच्या चाकांनी वर्षानुवर्षे एकाच वाटेने जाऊन मातीत पाडलेल्या खोल रेघा म्हणजे चाकोरी. आणि त्या रेघांतून बाहेर पडण्याची ज्याला इच्छाच होत नाही, तो चाकोरीतला माणूस. सरकारी नोकराला हे विशेषण त्याचे स्नेही मोठ्या उदारपणाने बहाल करीत असतात. मी स्वतः सरकारी नोकर असल्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु आज ज्या चाकोरीविषयी मी बोलणार आहे, ती पृथ्वीवरची नसून मंगळ ग्रहावरची आहे. ती पाडणाऱ्या गाडीला बैल नाहीत आणि तिच्यात गाडीवानही बसलेला नाही. तरीही देशोदेशींचे शिक्षक, कारकून, विद्यार्थी आणि सेवानिवृत्त गृहस्थ नित्यनेमाने तिचा माग काढीत असतात. त्याबद्दल त्यांना पगार मिळत नाही, बढती तर नाहीच नाही. मग त्यांना काय मिळते, आणि त्यांच्यामुळे आपणां सर्वांना काय मिळते, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम या गाड्यांची ओळख करून देतो. मंगळाच्या पृष्ठभागावर प्रत्यक्ष चाललेले पहिले यंत्र म्हणजे अमेरिकेचे ‘सोजर्नर’. ते १९९७ साली तेथे उतरले. २००४ च्या जानेवारीत ‘स्पिरिट’ आणि ‘ऑपॉर्च्युनिटी’ ही जुळी भावंडे उतरली. २०१२ च्या ऑगस्टमध्ये ‘क्युरिऑसिटी’ आणि २०२१ च्या फेब्रुवारीत ‘पर्सिव्हरन्स’ गेले. ही दोन्ही अजूनही काम करीत आहेत. २०२१ च्याच मे महिन्यात चीनचे ‘झुरोंग’ही उतरले. यांना इंग्रजीत रोव्हर, म्हणजे भटके, म्हणतात. यांतील ‘ऑपॉर्च्युनिटी’ची नेमणूक अवघ्या नव्वद दिवसांची होती, तिने चौदा वर्षांहून अधिक काळ चाकरी बजावली, पंचेचाळीस किलोमीटरांची मजल मारली आणि २०१८ च्या प्रचंड धुळीच्या वादळात तिचा आवाज कायमचा बंद झाला. हंगामी नेमणुकीचा इतका दीर्घ विस्तार आमच्या सेवापुस्तकांतही सहसा आढळत नाही!

या गाड्यांची गती किती, हे समजण्यासाठी दिल्लीतल्या एका रस्त्याचे उदाहरण घेऊ. कस्तुरबा गांधी मार्ग हा पूर्वीचा कर्झन रोड. कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटच्या बाजूला जाणारा हा रस्ता दोन किलोमीटरांहून थोडा कमीच भरेल. दिल्लीत येणाऱ्या मराठी माणसाला तो परिचित आहे, कारण २०१३ पासून नवे महाराष्ट्र सदन याच मार्गावर उभे आहे. जुने महाराष्ट्र सदन कोपर्निकस मार्गावर आहे. ज्या पुरुषाने पृथ्वीला विश्वाच्या मध्यातून उठवून इतर ग्रहांच्या पंगतीत नेऊन बसविले, त्याच्या नावाचा हा रस्ता! कस्तुरबा गांधी मार्ग पायी ओलांडावयास आपणांस अर्धा तास पुरतो. ‘क्युरिऑसिटी’ने पहिल्या तेरा वर्षांत सुमारे पस्तीस किलोमीटर अंतर कापले, त्या सरासरीने हाच रस्ता चालावयास तिला सात-आठ महिने लागतील. याचे कारण तिचा आळस नव्हे. पृथ्वीवरून निघालेला संदेश मंगळावर पोहोचण्यास, ग्रहांच्या अंतरानुसार, तीनपासून बावीस मिनिटे लागतात. समोर खड्डा दिसला म्हणून येथून ‘थांब’ असे ओरडण्यात अर्थ नाही. ते शब्द पोहोचेपर्यंत गाडी खड्ड्यात गेलेली असणार. म्हणून बहुधा एका दिवसाचे सारे हुकूम एकदमच पाठवावयाचे, गाडीने ते पार पाडावयाचे किंवा धोका दिसताच आपण होऊन थांबावयाचे, आणि जागोजागी तपासणीसाठी मुक्काम करावयाचा, असा हा संसार आहे.

आता खऱ्या मुद्द्याकडे वळतो. विज्ञानाच्या क्षेत्रात जुनी रीत अशी, की ज्याने निरीक्षण केले त्याने त्याचा प्रथम अभ्यास करावा, निष्कर्ष प्रसिद्ध करावा आणि मूळ सामग्री सवडीने इतरांस द्यावी. या रीतीत गैर काही नाही. श्रमाचे श्रेय श्रम करणाऱ्याला मिळाले पाहिजे. परंतु २००४ साली त्या जुळ्या गाड्यांच्या चालकांनी एक निराळा पायंडा पाडला. मंगळावरून येणारी छायाचित्रे, शास्त्रज्ञांनी त्यांचा अर्थ लावण्याची वाट न पाहता, आली तशीच इंटरनेटवर सर्वांसाठी मांडावयाची, असे त्यांनी ठरविले. ना रंग सुधारलेले, ना मथळा लिहिलेला. ज्यांना ‘कच्ची’ म्हणता येतील अशी ती चित्रे होती. ही प्रथा पुढच्या गाड्यांनीही चालू ठेवली. त्यामुळे आज असे घडते, की मंगळावरची एखादी टेकडी पॅसाडेना येथील शास्त्रज्ञाने पाहिल्यानंतर थोड्याच अवधीत सोलापूरचा किंवा बेळगावचा शाळकरी मुलगाही पाहू शकतो. आणि क्वचित तो शास्त्रज्ञ झोपलेला असेल, तर त्याच्या आधीही पाहू शकतो.

हौशी मंडळी या चित्रांचे काय करतात? कॅमेऱ्याने घेतलेले लहान लहान तुकडे जोडून ती एक अखंड देखावा तयार करतात. डाव्या आणि उजव्या कॅमेऱ्यांच्या चित्रांतील फरकावरून खडकाचे अंतर काढतात. उपग्रहांनी वरून घेतलेल्या नकाशावर गाडीचा रोजचा मुक्काम मांडतात. ‘क्युरिऑसिटी’च्या चाकांत काही छिद्रे मुद्दाम ठेवलेली आहेत, मातीत त्यांचे ठसे तारेच्या मोर्स लिपीतील टिंबे व रेघा होऊन उमटतात आणि त्यांतून तिच्या निर्मात्या प्रयोगशाळेची आद्याक्षरे वाचता येतात. त्यात गंमत आहे, पण उपयोगही आहे: दोन ठशांमधील अंतरावरून चाक वाळूत किती घसरले, याचा हिशेब होतो. चाकोरी ही मोजपट्टीही होऊ शकते, हे मला या गाडीने शिकविले. ‘पर्सिव्हरन्स’ने तर मंगळावरच्या वाऱ्याचा ध्वनीही पाठविला आहे. तेथील विरळ हवेत उंच स्वर खालच्या स्वरांपेक्षा किंचित आधी पोहोचतात, असे त्या ध्वनिमुद्रणांच्या अभ्यासातून दिसून आले. केवळ कानांवर विसंबणाऱ्या आपणां आकाशवाणीच्या श्रोत्यांना याचे विशेष कौतुक वाटावे.

कस्तुरबा गांधी मार्गाच्या आसपासच्या कचेऱ्यांतून काम करणारे आम्ही चार-सहा मराठी लोक दुपारच्या सुट्टीत कधीमधी अशी चित्रे पाहतो. आमच्यापैकी कोणीही शास्त्रज्ञ नाही. एक हिशेबनीस आहेत, ते अंतरांचा ताळा करतात. एकांचा जन्म दख्खनच्या पठारावरचा, ते खडकांच्या थरांची आपल्याकडच्या काळ्या पाषाणाशी तुलना करतात. कधी बरोबर ठरतात, कधी चुकतात. परंतु ‘मला वाटते’ आणि ‘चित्रात दिसते’ या दोन गोष्टींत केवढे अंतर आहे, हे दर खेपेस नव्याने उमगते.

याला कोणी नुसता विरंगुळा म्हणेल. तेव्हा दोन घटना सांगतो. १९७१ च्या २ डिसेंबरला सोव्हिएत संघाचे ‘मार्स-३’ हे यान मंगळावर अलगद उतरले. असे उतरणारे ते पहिलेच यान. त्याच्याबरोबर पंधरा मीटरांच्या तारेने बांधलेली, घसरपट्ट्यांवर पावले टाकीत जाणारी एक चिमुकली गाडीही होती. परंतु उतरल्यानंतर काही सेकंदांतच यान मुके झाले आणि पुढे चार दशके ते नेमके कोठे पडले आहे, हे कोणी पाहिले नव्हते. रशियात ‘क्युरिऑसिटी’चा प्रवास अनुसरणाऱ्या हौशी लोकांचा एक मोठा समुदाय होता. त्याचे प्रमुख व्हिताली येगोरोव्ह यांनी अमेरिकी उपग्रहाने २००७ साली घेतलेले व सर्वांना खुले असलेले एक प्रचंड चित्र आपल्या सोबत्यांत वाटून दिले. ते पूर्ण आकारात पाहावयाचे तर संगणकाचे सुमारे अडीच हजार पडदे लागले असते. हवाई छत्री, उष्णतारोधक ढाल आणि यान हे वरून कसे दिसतील याचा आधी अंदाज बांधून त्यांनी शोध घेतला आणि २०१२ च्या अखेरच्या दिवशी तशा वस्तू सापडल्या. मग त्यांनी ढोल पिटला नाही. तज्ज्ञांचा सल्ला घेतला, नवे चित्र मागविले, आणि २०१३ च्या एप्रिलमध्ये, त्या वस्तू ‘मार्स-३’च्या असाव्यात असे, हातचे राखून, जाहीर झाले.

दुसरी घटना आपल्या घरची, आणि मंगळावरची नसून चंद्रावरची आहे. २०१९ च्या ७ सप्टेंबरच्या मध्यरात्रीनंतर ‘चांद्रयान-२’च्या विक्रम अवतरकाशी संपर्क तुटला, ती रात्र आपण विसरलेलो नाही. अमेरिकी उपग्रहाने त्या भागाची घेतलेली चित्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा चेन्नईचे एक अभियंते षण्मुग सुब्रमण्यन यांनी जुनी आणि नवी चित्रे शेजारी ठेवून ठिपक्याला ठिपका ताडून पाहिला. जुन्या चित्रात नसलेला एक उजळ ठिपका त्यांना नव्यात दिसला. त्यांनी कळविले, तज्ज्ञांनी पडताळले, आणि डिसेंबरमध्ये अमेरिकी संस्थेने तो विक्रमचा अवशेष असल्याचे सांगून शोधाचे श्रेय त्यांना नावानिशी दिले. मुख्य आघातस्थळापासून तो तुकडा सुमारे साडेसातशे मीटरांवर होता.

यावर एक आक्षेप येतो, आणि कारभाराशी संबंध असलेल्या मला तो नवा नाही. अर्धवट माहिती लोकांच्या हाती दिली, की लोक तिचा विपर्यास करतात, असे म्हटले जाते. हे खोटे नाही. १९७६ साली ‘व्हायकिंग’ने टिपलेल्या एका टेकडीवर सावल्यांमुळे मानवी चेहरा भासला आणि त्यावर पुस्तकेच्या पुस्तके लिहिली गेली. २०२२ साली ‘क्युरिऑसिटी’च्या चित्रात एका कड्याला दार असल्याचा गवगवा झाला. वस्तुतः ती खडकातील भेग होती, आणि माणसाच्या गुडघ्याच्या वर जाणार नाही इतकी ठेंगणी होती. परंतु हा गैरसमज दूर कशाने झाला? चित्र दडवून ठेवल्याने नव्हे, तर त्याच्या आजूबाजूची सगळी चित्रे खुली असल्याने. ज्यांनी तो कडा रोज पाहिला होता, त्यांनीच भेगेची मापे दाखवून दिली. ‘चेहरा’देखील अधिक स्पष्ट चित्रे प्रसिद्ध होताच साधी टेकडी झाला. अर्धवट माहितीवरचा उतारा पूर्ण माहिती हा आहे. अंधार हा नव्हे.

आपल्या समाजात तर मंगळाविषयी हे अधिकच आवश्यक आहे. पत्रिकेत मंगळ अमुक स्थानी आहे, एवढ्यावरून सुशिक्षित घरांतही मुलींची स्थळे परत जातात. ज्या ग्रहावरच्या वाळूचा कण अन् कण आज कोणालाही पाहता येतो, त्याच्या नावाने एखाद्या कन्येच्या डोळ्यांत पाणी यावे, हे मला दुःखाचे वाटते. वादविवादाने ही समजूत जाईल असा माझा भ्रम नाही. परंतु ज्या घरातील मुलांनी मंगळावरचा निळसर सूर्यास्त पाहिला आहे, तेथील कोरडी नदीपात्रे पाहिली आहेत, त्या घरात पत्रिका उघडताना निदान एक प्रश्न विचारला जाईल, अशी आशा मी बाळगतो.

हौशी माणसाने आकाशाचा विचार करण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. व्यंकटेश बापूजी केतकर हे पेशाने शिक्षक. युरोपातील ज्योतिर्विदांनी छापून प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांच्या आधारे त्यांनी ‘ज्योतिर्गणित’ रचले आणि १९११ साली फ्रान्समधील ज्योतिष संस्थेच्या नियतकालिकात नेपच्यूनपलीकडील ग्रहांविषयी भाकित प्रसिद्ध केले. त्यांच्यापाशी मोठी दुर्बीण नव्हती; त्यांचे भांडवल म्हणजे इतरांनी खुले केलेले आकडे आणि स्वतःची चिकाटी. पुण्यात १९४४ साली स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आणि मुंबईचे खगोल मंडळ यांनी तीच वाट पुढे चालविली आहे.

भारताची गाडी मंगळावर अद्याप गेलेली नाही. परंतु आपले मंगळयान २०१४ पासून सुमारे आठ वर्षे त्या ग्रहाभोवती फिरले, २०२३ साली प्रज्ञान ही गाडी चंद्रावर शंभर मीटर चालली, आणि ‘चांद्रयान-३’ची वैज्ञानिक सामग्री २०२४ च्या पहिल्या राष्ट्रीय अंतरिक्ष दिनी सर्वांसाठी खुली करण्यात आली. हे योग्यच झाले. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम असे सांगते, की जनतेला मागावे लागू नये इतकी माहिती शासनाने आपण होऊन प्रकट करावी. हे कलम कागदपत्रांविषयी आहे, हे मी जाणतो. पण त्यामागील भावना चंद्रावरच्या मातीलाही लागू पडते. ज्या दिवशी आपली गाडी मंगळावर पहिली चाकोरी उमटवील, त्या दिवशी तिची चित्रेही अशीच, कच्ची आणि ताबडतोब, लोकांच्या हाती पडावीत. आणि ती पडतील तेव्हा ती पाहण्याचा सराव आपल्या डोळ्यांना आधीपासून असावा.

त्या सरावाला आजही आडकाठी नाही. चित्रे रोज येत आहेत, ती विनामूल्य आहेत. आपल्या घरातील एखाद्या मुलाला किंवा मुलीला सोबत घेऊन बसावे, एक चित्र निवडावे आणि ‘येथे तुला काय दिसते?’ एवढेच विचारावे. उत्तर देण्याची घाई मात्र आपण करू नये.