मद्यमुक्तीच्या सभेचा पत्ता
(व्याख्यानाचा मजकूर)



चैत्र-वैशाखात गोव्याच्या डोंगरउतारांवर काजूची बोंडे पिकतात, भट्ट्या पेटतात आणि हुर्राकाचा वास वाड्यावाड्यांतून दरवळू लागतो. फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. ती गोमंतकाच्या व्यवसायाचा व आतिथ्याचा भाग आहे, ह्याविषयी वाद नाही. परंतु ज्याने कालच पेला खाली ठेवला, त्या माणसाला हा हंगाम फार कठीण जातो. लग्नात, फेस्ताला, जत्रेला "एकच घे" म्हणणारे पुष्कळ भेटतात. "घेऊ नकोस" म्हणून त्याच्याजवळ तासभर बसणारा मात्र क्वचितच आढळतो. अशी सोबत कोठे मिळते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. मद्यावर अवलंबून असलेल्या दर ३८ व्यक्तींमागे केवळ एकीला काही ना काही उपचार मिळाल्याचे त्यात दिसून आले. उरलेल्या ३७ जणांना दवाखाना दूर होता एवढेच कारण पुरेसे नाही. लोक काय म्हणतील, ह्या भयाने कित्येक जण उंबरठा ओलांडीत नाहीत.

ह्या भयावर एक साधा उपाय १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरी सापडला. बिल विल्सन हे शेअरबाजारातील गृहस्थ आणि डॉ. रॉबर्ट स्मिथ हे शल्यविशारद, दोघेही मद्यासक्त. एका पीडिताने दुसऱ्या पीडितापाशी आपली कहाणी मनमोकळेपणाने सांगितली, तर दोघांचाही त्या दिवसापुरता तोल सावरतो, असा अनुभव त्यांना आला. त्यातूनच 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस', अर्थात अनाम मद्यासक्तांची संघटना, उभी राहिली. भारतात तिचे कार्य १९५७ साली दिल्लीत सुरू झाले. गोव्यातही तिच्या सभा नियमित भरतात.

सभासदत्वाची अट एकच: दारू सोडण्याची इच्छा. फी नाही, अर्ज नाही, हजेरीपट नाही. शेवटी एक थाळी फिरते, तीत ज्याला जमेल त्याने नाणे टाकावे. न टाकल्यास कोणी विचारीत नाही. अध्यक्षस्थानी बसलेलाही दारू सोडलेलाच असतो. तो केवळ पहिले नाव सांगून आपली हकीकत कथन करतो, मग इतर बोलतात. मध्येच कोणी प्रश्न विचारीत नाही, सल्ला देत नाही. नवख्याने नुसते ऐकत बसले तरी चालते.

सभा बहुधा एखाद्या शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या सभागृहात असते. चर्चचे नाव ऐकून काही हिंदू कुटुंबे बिचकतात. त्यांनी हे ध्यानात घ्यावे की तेथे केवळ जागा वापरली जाते. संघटना कोणत्याही धर्माशी वा पक्षाशी संलग्न नाही. प्रार्थना होते, पण ईश्वराची कल्पना ज्याची त्याने करावयाची असते.

अधिकारीवर्गास एक विनंती. ही संघटना शासकीय अनुदान किंवा बाहेरची देणगी स्वीकारीत नाही. तेव्हा दारू सोडलेल्यांचा व्यासपीठावर शाल-श्रीफळ देऊन सत्कार करण्याचा उत्साह कृपया आवरावा. नाव गुप्त राहणे हाच तिचा पाया आहे.

सभेचा दिवस, वेळ व भाषा समजून घेण्यासाठी संघटनेच्या दूरध्वनीवर विचारणा करावी, अथवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांकडे चौकशी करावी. व्यसनमुक्तीविषयी मार्गदर्शनासाठी केंद्र शासनाचा १४४४६ हा निःशुल्क क्रमांकही आहे. गावातल्या सभेस जाण्याचा संकोच वाटल्यास शेजारच्या तालुक्यातील सभेस जावे. पुष्कळांनी प्रारंभ तसाच केला आहे. 'खुल्या' सभेस घरची मंडळीही येऊ शकतात, 'बंद' सभा मात्र केवळ मद्यासक्तांसाठी असते.

एक धोका स्पष्ट सांगणे अवश्य आहे. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडल्यास थरथर, आकडी, भ्रम होऊन प्रसंगी प्राणावर बेतते. अशा माणसास प्रथम डॉक्टरांकडे न्यावे. बांबोळीच्या मानसोपचार व मानवी वर्तन संस्थेत त्याची सोय आहे. सभा हा औषधाला पर्याय नव्हे. तथापि तिची उपयुक्तता केवळ ऐकीव नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, २७ अभ्यासांच्या व दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या कॉक्रेन आढाव्यात, ह्या सभांशी पद्धतशीर जोडून देणारे उपचार अखंड मद्यमुक्तीच्या बाबतीत इतर मान्य उपचारांपेक्षा अधिक फलदायी ठरले.

मद्यासक्त स्वतः येत नसला तरी त्याच्या पत्नीने घरी कुढत बसण्याचे कारण नाही. कुटुंबीयांसाठी 'अल-अ‍ॅनॉन' ही संघटना १९५१ पासून आहे. किशोरवयीन मुलांकरिता तिचीच 'अलाटीन' ही शाखा आहे. वर्गात सोमवारी पेंगणाऱ्या, वही न आणणाऱ्या मुलामागे कोणती रात्र गेली आहे, हे शिक्षकांइतके लवकर दुसऱ्या कोणाला कळते?

पहिल्या सभेस दहा मिनिटे आधी पोहोचावे आणि मागच्या खुर्चीवर बसावे. एका सभेने काही झाले नाही असे वाटेल. निघताना पुढच्या सभेचा वार विचारून घ्यावा आणि एका जुन्या सभासदाचा दूरध्वनी क्रमांक खिशात ठेवावा. मध्यंतरी पाय घसरला, तरी त्याच खुर्चीवर परत येऊन बसावे. तेथे कोणी जाब विचारीत नाही, चहा मात्र पुढे करतात.