लिंकनच्या पायऱ्यांवरची मैफल



अमेरिकेच्या इतिहासातली मोठी माणसं म्हटलं की आपल्याला राष्ट्राध्यक्ष आठवतात, नाहीतर सेनापती. आज मी बोलणार आहे ते एका गायिकेबद्दल. मरियन अँडरसन. भांडण आपल्या स्वभावात नाही, असं म्हणणाऱ्या या बाईंच्या नावावर त्या देशातलं एक मोठं भांडण कायमचं लागलं.

जन्म १८९७चा, फिलाडेल्फियाचा. वडील लवकर वारले. आईनं कष्टाची कामं करून मुली वाढवल्या. शहरातल्या एका संगीतशाळेनं त्यांना कातडीच्या रंगावरून दारातूनच परत पाठवलं. मग चर्चच्या मंडळींनी पैसे गोळा केले आणि शिकवणी लावून दिली. आवाज कॉन्ट्राल्टो, म्हणजे स्त्रीच्या गळ्याचा सगळ्यात खालचा पल्ला. भारदस्त, खर्जाकडे झुकणारा. युरोपनं तो डोक्यावर घेतला. असा आवाज शंभर वर्षांतून एकदा ऐकायला मिळतो, असं टोस्कानिनींसारखा कडक वाद्यवृंद-संचालक म्हणाला.

१९३९ साली वॉशिंग्टनमधल्या हॉवर्ड विद्यापीठाला त्यांची मैफल ठेवायची होती. श्रोते मावतील असं मोठं सभागृह एकच, कॉन्स्टिट्यूशन हॉल. त्याची मालकी ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ या संस्थेकडे. स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्यांच्या वंशातल्या स्त्रियांची ही संस्था. भाड्याच्या करारात अट होती : कलाकार गोराच हवा. पूर्वजांनी स्वातंत्र्यासाठी बंदूक धरली, आणि वारसदार दाराला कडी लावून बसल्या!

राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट या संस्थेच्या सभासद. त्यांनी राजीनामा दिला आणि आपल्या वृत्तपत्रीय सदरात तसं लिहिलं, तेही संस्थेचं नाव न घेता. वाचकांना ते कळायला वेळ लागला नाही. मला ही त्यांची रीत आवडते. आरडाओरड नाही, पण सबंध देशाला बाजू घ्यायला लावली.

मग वॉल्टर व्हाइट यांच्यासारखे नागरी हक्कांच्या चळवळीतले लोक पुढे आले, अंतर्गत खात्याचे मंत्री हॅरल्ड इक्स यांनी परवानगी मिळवली, आणि जागा ठरली लिंकन स्मारकाची. याच स्मारकाच्या उद्घाटनाला, १९२२ साली, काळ्या लोकांना वेगळं बसवलं होतं. आदल्या रात्री अँडरसनबाई इतक्या घाबरल्या, की आपल्या व्यवस्थापकाला फोन करून विचारलं, हे करायलाच हवं का?

९ एप्रिल, ईस्टरचा रविवार. हवेत गारठा. बाई फरचा कोट घालून ध्वनिक्षेपकांपुढे उभ्या राहिल्या. समोर सुमारे ७५ हजार माणसं, काळी-गोरी शेजारी शेजारी. शिवाय रेडिओवरून देशभर कितीतरी कान लागलेले. एक देशभक्तिगीत, एक इटालियन आरिया (ऑपेरातलं एकल गीत), शूबर्टची ‘आवे मारिया’, आणि मग गुलामगिरीच्या काळात जन्मलेली भक्तिगीतं. भाषण मंत्र्यांनी केलं. बाई फक्त गायल्या. एलिनॉरबाई स्वतः तिथे नव्हत्या. त्या आल्या असत्या तर छायाचित्रं त्यांचीच झाली असती, असं आपलं मला वाटतं.

पुढे १९४३ साली त्याच हॉलनं त्यांना बोलावलं, युद्धातल्या मदतनिधीसाठी. १९५७ साली अमेरिकी सरकारच्या दौऱ्यावर त्या आशियात आल्या, आपल्या भारतातही गायल्या. पण न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरानं १९५५ उजाडेपर्यंत एकाही कृष्णवर्णीय गायकाला प्रमुख भूमिकेत उभं केलं नव्हतं. तो मान अँडरसनबाईंना त्या वर्षी ७ जानेवारीला मिळाला. व्हेर्दीच्या ऑपेरातली भविष्य सांगणारी उल्रिका. बाईंचं वय तेव्हा ५७ होतं. टोस्कानिनींनी ऐकलेला गळा त्या रंगमंचाला ऐकायला मिळाला नाही. त्याला वीस वर्षं उशीर झाला होता.